विडी ओढणाऱ्या दमेकऱ्याचा ‘नॉर्मल’ आकडा

गेल्या पावसाळ्यात निपाणीकडचे एक मामा पहिल्या गाडीने बेळगावात तपासणीला आले होते. वय साठीच्या पुढे. सगळी हयात तंबाखूच्या वखारीत गेलेली, खिशात विडीचं बंडल. रात्री दोन-तीनच्या सुमाराला छातीत शिट्टी वाजते, उठून बसावं लागतं, चिकट बेडका पडला की जरा मोकळं वाटतं, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी दम्याच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. मी त्यांना यंत्राच्या नळीत फुंकायला लावलं आणि पडद्यावर आकडा आला, १९. शेजारी ‘कमी’ असं छापून आलं. मामांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, “नॉर्मल हाय न्हवं ताई? मग दमा न्हाईच म्हणायचा.”

फुप्फुसांच्या तपासण्या करणं हे माझं रोजचं काम. रिपोर्टचा अर्थ डॉक्टर लावतात आणि तोच खरा. पण कागद हातात पडल्यापासून डॉक्टरांच्या खोलीत नंबर लागेपर्यंत माणसं आपापला अर्थ लावत बाकावर बसलेली असतात, आणि ते मला ऐकू येत असतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतीत हा अर्थ बहुतेक वेळा चुकतो. काही जण तर कमी आकडा बघून डॉक्टरांना न भेटताच परतीची गाडी धरतात. त्यामुळे या आकड्यामागचं सगळं एकदा नीट मांडायचं ठरवलं.

या तपासणीला आम्ही थोडक्यात ‘फेनो’ म्हणतो. बाहेर सोडलेल्या श्वासात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू किती आहे, एवढंच ती मोजते. नावात गोंधळ होतो म्हणून आधीच सांगते : भूल देताना वापरतात तो हसवणारा वायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो वेगळा. गाड्यांच्या धुरातला तांबूस, घसा जाळणारा नायट्रोजन डायऑक्साइड, तोही वेगळा. आपला नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू, बस्स. इतका साधा वायू माणसाचं शरीर स्वतः तयार करतं आणि त्याच्याकरवी रक्तवाहिन्यांना सैल व्हायचा निरोप देतं, हे कळलं तेव्हा वैद्यकशास्त्राला मोठं आश्चर्य वाटलं होतं. त्या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं. त्याआधीच, १९९१ मध्ये, हा वायू माणसाच्या श्वासातही सापडतो हे स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं, आणि १९९३ मध्ये दमेकऱ्यांच्या श्वासात तो जास्त असतो हेही तिथूनच पुढे आलं.

प्रमाण किती बारीक असतं बघा. आकडा ‘पीपीबी’मध्ये देतात, म्हणजे शंभर कोटी रेणूंमागे किती. मामांचे १९ म्हणजे शंभर कोटींत एकोणीस. आपल्या देशाच्या लोकसंख्येतून एका बैठकीच्या पंगतीएवढी माणसं शोधून काढण्यासारखं हे काम, आणि हातात मावेल एवढं यंत्र ते मिनिट-दीड मिनिटात करतं.

दम्यात हा वायू का वाढतो? दमा म्हणजे श्वासनलिकांची जुनाट सूज. बऱ्याच दमेकऱ्यांमध्ये ही सूज ॲलर्जीच्या जातीची असते. धूळ, परागकण, घरातले बारीक किडे, बुरशी यांच्यामुळे शरीर चवताळतं आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी नलिकांच्या भिंतीत गोळा होतात. या गडबडीत इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ असे रासायनिक निरोप सुटतात. ते नलिकेच्या आतल्या अस्तराला पोचले की तिथे एक विकर (एन्झाइम) जोमाने तयार होऊ लागतं. त्याचं काम एकच : आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल घ्यायचं आणि त्यातून नायट्रिक ऑक्साइड सोडायचा. सूज जितकी पेटलेली, तितका हा वायू जास्त. तो भिंतीतून झिरपतो, बाहेर पडणाऱ्या हवेत मिसळतो आणि आम्ही तो नळीच्या टोकाला पकडतो. तोंडावाटे ओढायचं स्टेरॉइड, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट ‘पंप’ म्हणतात त्यातलं बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन, हीच सूज शमवतं. म्हणून पंप नेमाने सुरू केला की काही दिवसांतच आकडा खाली येऊ लागतो. औषध लागू पडतंय का, आणि खरं म्हणजे पेशंट ते घेतोय का, हे दोन्ही त्यातून कळतं.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०११ मध्ये जे पट्टे ठरवून दिले तेच आजही बहुतेक ठिकाणी वापरतात. मोठ्या माणसांत २५ च्या खाली कमी, ५० च्या वर जास्त, मधलं सगळं संदर्भ बघून ठरवायचं. लहान मुलांसाठी हेच आकडे २० आणि ३५. कागदावर ‘कमी’ छापणारं यंत्र एवढाच तक्ता बघतं. समोरच्या माणसाच्या खिशात विडीचं बंडल आहे, हे त्याला दिसत नाही.

फुंकण्याची पद्धतही सांगायला हवी, कारण इथेही आकडा बिघडतो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून किती हवा किती वेगाने बाहेर पडते ते मोजण्याच्या तपासणीत, आम्ही “जोरात, जोरात, अजून, अजून” असं ओरडतो. इथे नेमकं उलट. सगळा श्वास बाहेर टाकायचा, नळी तोंडात घेऊन छाती भरून आत ओढायचा (आत जाणारी हवा यंत्र गाळून देतं), आणि मग सेकंदाला ५० मिलिलिटर या एकाच वेगाने दहा सेकंद सोडत राहायचं. दहा सेकंदांत जेमतेम अर्धा लिटर. आमच्याकडे निम्मे पेशंट मराठी बोलणारे, निम्मे कन्नड. पण सूचनेतला मुख्य शब्द मला बदलावा लागत नाही. मराठी माणसाला “सावकाश फुंका” म्हणायचं आणि कन्नड माणसाला “सावकाश ऊदरी”. या सीमेवर भांडणं पुष्कळ झाली, पण सावकाश हा शब्द दोन्हीकडचा आहे.

वेगाला एवढं महत्त्व का? खडेबाजारातून पायी सावकाश निघालात तर दहा ओळखीचे भेटतात, गाडीवरून गेलात तर दोघंच हात करतात. श्वासनलिकेतून जाणाऱ्या हवेचंही तसंच. हळू गेली तर भिंतीतून झिरपलेला वायू जास्त गोळा करते, जोरात गेली तर कमी. म्हणून सगळ्या जगाने एकच वेग ठरवून घेतलाय. फुंकताना नळीत थोडा अडथळाही मुद्दाम ठेवलेला असतो. त्या दाबाने टाळूचा मागचा पडदा वर जाऊन नाकाचा रस्ता बंद होतो. नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत हा वायू छातीपेक्षा कितीतरी जास्त असतो, तो मिसळला तर सगळंच मुसळ केरात.

आता मूळ प्रश्नाकडे येते. विडी ओढणाऱ्याचा आकडा कमी का येतो?

ऐकताना उलटं वाटतं. धूर छातीत गेला म्हणजे सूज वाढली, मग वायूही वाढायला हवा. पण १९९० च्या दशकापासून एकामागून एक अभ्यासांत दिसत आलंय की धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड न ओढणाऱ्यांपेक्षा बराच कमी असतो, ढोबळमानाने ४० ते ६० टक्क्यांनी. दमा असलेल्यांतही आणि नसलेल्यांतही. जितकं ओढणं जास्त, तितकी घट जास्त.

यामागचं एक कारण तर विचित्रच आहे. तंबाखूच्या धुरात स्वतःचा नायट्रिक ऑक्साइड भरपूर असतो. शंभर कोटींमागे वीस-पंचवीस वगैरे इथे चालतच नाही. दर दहा लाखांमागे काही शे, म्हणजे आपल्या श्वासातल्या प्रमाणाच्या हजारो पट. घराच्या गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. टाकीत चेंडू असतो. पाणी वर आलं की तो वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. आता कोणी दिवसातून पंधरा-वीस वेळा टँकर आणून त्या टाकीत ओतला तर? चेंडू सतत वरच राहणार आणि घरचा नळ कायमचा बंदच राहणार. वायू बनवणाऱ्या विकराचं असंच होतं असं मानतात. बाहेरून एवढा माल येतोय म्हटल्यावर अस्तर स्वतःचं उत्पादन आवरतं घेतं. टँकरचं पाणी मात्र टिकत नाही. धुरातला वायू पटकन दुसऱ्या संयुगांत बदलतो, श्वासाबरोबर निघून जातो. तासाभराने पेशंट माझ्यासमोर बसतो तेव्हा टाकी रिकामी असते आणि नळ अजून उघडलेला नसतो.

दुसरं कारण अधिक वाईट, आणि मला वाटतं लोकांना हेच समजायला हवं. धुराच्या प्रत्येक झुरक्याबरोबर अतिशय जहाल असे ऑक्सिडंट कण छातीत जातात. त्यातला सुपरऑक्साइड समोर येईल त्या नायट्रिक ऑक्साइडला गाठतो आणि दोघांचं मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनतं. म्हणजे वायू तयार होतो, पण तोंडापर्यंत पोचायच्या आत वाटेतच खर्ची पडतो. आणि जे बनतं ते निरुपद्रवी नसतं, ते अस्तराच्या पेशींना इजा करतं. आमच्या यंत्राला पेरॉक्सिनायट्राइट दिसत नाही. ते फक्त उरलेला वायू मोजतं. अशा वेळी आकडा घटण्याचं कारण इजा हेच असतं.

शिवाय कच्च्या मालाचीही ओढाताण होते. आर्जिनिनवर डोळा ठेवून असलेलं दुसरं एक विकर, आर्जिनेज, ते पळवतं. आणि वायू बनवणाऱ्या विकराला जो मदतनीस रेणू लागतो तोही ऑक्सिडंटांच्या माऱ्यात नासतो.

हे सगळं एकत्र धरा आणि मामांच्या १९ कडे पुन्हा बघा. विडी नसती तर हाच आकडा चाळीसच्या आसपास आला असता, हे अगदी शक्य आहे. पण म्हणून कोणी घरच्या घरी आकडा दुप्पट करून बघू नये. घट प्रत्येकाची वेगळी असते : किती वर्षं ओढली, दिवसाला किती, शेवटची कधी, यावर ती ठरते. गुणाकाराचं सूत्र कोणी देऊ शकत नाही. एवढंच म्हणता येतं की धूम्रपान करणाऱ्याचा कमी आकडा दमा नाही असं सिद्ध करत नाही, सूज नाही असंही सिद्ध करत नाही.

जास्त आला तर मात्र गोष्ट वेगळी. रोज बंडलभर विडी ओढूनही कोणाचा आकडा ५५ आला, तर तो धुराच्या दडपणाला न जुमानता वर आलेला आहे. तिथे ॲलर्जीच्या जातीची सूज आहे, ती जोरात आहे, आणि स्टेरॉइडच्या पंपाने फरक पडण्याची शक्यता चांगली आहे, असं डॉक्टर धरून चालतात. म्हणजे विडी ओढणाऱ्यांत ही तपासणी निरुपयोगी ठरते असं नाही. ती एका बाजूने विश्वासू आहे, दुसऱ्या बाजूने नाही. आणि एकाच माणसाचे आकडे वेळोवेळी ताडून बघायलाही तिचा उपयोग होतो, त्याच्या ओढण्यात मध्ये बदल झालेला नसेल तर. आकडा ५० च्या खाली असेल तर दहापेक्षा जास्त फरक, आणि ५० च्या वर असेल तर २० टक्क्यांहून जास्त फरक, याला खरा बदल मानतात. १९ चे २३ झाले म्हणून धास्तावू नये.

आपल्या भागात हा विषय सिगारेटपेक्षा विडीचा जास्त आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या १५ वर्षांवरच्या माणसांत विडी ओढणारे ७.७ टक्के आणि सिगारेट ओढणारे ४ टक्के निघाले होते. निपाणी, चिकोडी, सदलग्याकडे तर विडी घरातलीच आहे. बाया दारात सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळतात, वखारीत जर्दा चाळतात, शेतात तंबाखू उभा असतो. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग रोखून धरला होता आणि गोळीबारात माणसं गेली. ज्या पिकासाठी एवढं सोसलं, त्याच्याबद्दल शहरातल्या बाईने येऊन “विडी वाईट” एवढंच सांगावं, हे लोकांना बोचतं. मला ते समजतं. मी पिकाबद्दल बोलत नाहीये, छातीबद्दल बोलतेय.

आणि छातीच्या दृष्टीने विडी सिगारेटहून हलकी आहे हा समज सोडावा लागेल. तंबाखू तिच्यात कमी असतो खरा. पण तेंदूचं पान सच्छिद्र नसतं, विडी सारखी विझते, ती पेटती ठेवायला वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात. फिल्टर नसतोच. त्यामुळे डांबर, निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर जात नाहीत, अनेकदा जास्तच जातात. “मी सिगारेट ओढत नाही, फक्त विडी” असं सांगणारे मला आठवड्यातून दोघं-तिघं तरी भेटतात. फॉर्मवर ‘धूम्रपान : नाही’ असं लिहून देतात, खोटं बोलायचं म्हणून नव्हे, त्यांच्या मनात तो शब्द सिगारेटसाठीच असतो. म्हणून मी आता ‘धूम्रपान करता का’ असं विचारतच नाही. विडी, सिगारेट, चिलीम, एकेक नाव घेऊन विचारते. बायकांना मिशरीचंही विचारते. मिशरी ओढत नाहीत, दातांना लावतात, पण ती करायला तंबाखू तव्यावर करपेपर्यंत भाजतात आणि तो धूर सगळ्या स्वयंपाकघरात कोंडतो. घरात दमेकरी पोर असेल तर त्याची ती रात्र वाईट जाते.

धुराचा दम्यावरचा परिणाम आकडा लपवण्यावर थांबत नाही. धूम्रपान करणाऱ्या दमेकऱ्यांत स्टेरॉइडचा पंप कमी लागू पडतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. सूज वाढवणारी जनुकं गप्प बसवायला स्टेरॉइडला पेशीतल्या एका प्रथिनाची साथ लागते. धुरातले ऑक्सिडंट त्या प्रथिनाचीच ताकद काढून घेतात. वर, धुरामुळे नलिकांत न्यूट्रोफिल नावाच्या दुसऱ्या जातीच्या पेशी जमतात. त्यांच्यामुळे होणारी सूज स्टेरॉइडला फारशी दाद देत नाही आणि नायट्रिक ऑक्साइडही वाढवत नाही, म्हणजे फेनोमध्ये दिसतच नाही. पेशंटच्या बाजूने बघितलं तर एकाच धुराने दोन दारं बंद केली : तपासणीत दमा दिसू देत नाही आणि औषध चालू देत नाही. फुप्फुसांची ताकद दरवर्षी थोडी कमी होणं सगळ्यांच्याच नशिबी आहे, पण दमा आणि विडी एकत्र आले की ती घसरण वेगाने होते. मामांच्या वयाला मग प्रश्न पडतो की हा दमा, की विडीने आलेला सीओपीडी (धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), की दोन्ही. दोन्ही एका छातीत नांदू शकतात.

मग डॉक्टर काय करतात? एका आकड्यावर विसंबत नाहीत. स्पायरोमेट्री करतात : आधी फुंकायला लावायचं, मग नलिका उघडणारं औषध द्यायचं, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांनी आणि किमान २०० मिलिलिटरने वाढली तर नलिका उघडमीट करतायत, दम्याची शक्यता बळावते. (फेनो नेहमी स्पायरोमेट्रीच्या आधी करायचा असतो. जोरजोरात फुंकून झाल्यावर वायूचं प्रमाण तात्पुरतं घसरतं.) दुसरी गोष्ट रक्ताची साधी तपासणी. इओसिनोफिल मोजायला मोठ्या हॉस्पिटलची गरज नाही, संकेश्वर-चिकोडीच्या कुठल्याही लॅबमध्ये होते, आणि विडी त्या आकड्याला फेनोसारखी खाली दाबत नाही. एका मायक्रोलिटरमध्ये ३०० च्या वर इओसिनोफिल असले तर ॲलर्जीच्या सुजेचा संशय घट्ट होतो. जंतांमुळेही हा आकडा चढतो, अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते आधी पाहावं लागतं. मामांची स्पायरोमेट्री औषधानंतर चांगली सुधारली होती, रक्तात इओसिनोफिल वाढलेले होते. फेनो १९ असूनही डॉक्टरांनी दम्याचं निदान केलं, रोजचा पंप लिहून दिला आणि विडी सोडायला सांगितलं.

मामांनी सोडली. सहज सोडली असं नाही, पहिले पंधरा दिवस घरच्यांवर खेकसले असं त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं. दोन महिन्यांनी परत आले, फुंकले, आणि आकडा आला ४१.

त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. “ताई, सोडल्यावर वाढला व्हय? मग ओढत हुतो तेच बरं हुतं की.”

हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण या वळणावर माणसं परत विडीकडे जातात. धूम्रपान थांबवल्यावर श्वासातला नायट्रिक ऑक्साइड वाढतो. आठवड्याभरातच फरक दिसू लागतो आणि पुढचे काही आठवडे तो वाढत राहतो. टँकर थांबला, चेंडू खाली आला, नळ उघडला. वाटेत वायू गिळणारे ऑक्सिडंट कमी झाले. जी सूज आधीपासून होती ती आता यंत्राला दिसायला लागली, एवढंच. ४१ हा आजार बळावल्याचा आकडा आहे की झाकण निघाल्याचा, हे बाकीच्या गोष्टींवरून ठरतं. मामांच्या रात्री आधीपेक्षा बऱ्या जात होत्या, स्पायरोमेट्री थोडी सुधारली होती. त्यावरून डॉक्टरांनी झाकण निघालं असं मानलं. मग त्यांनी पंप कसा घेता ते करून दाखवायला सांगितलं, तेव्हा कळलं की मामा पंप दाबायचे आणि श्वास त्यानंतर घ्यायचे. औषध निम्मं जिभेवरच राहत होतं. तेही दुरुस्त झालं. ४१ चा एक मोठा फायदा हा, की आता औषधाने किती उतरतोय ते बघायला आकड्यात जागा झाली. १९ मध्ये ती नव्हती.

विडी सोडताना आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालायला हवी. आपल्याकडे खेड्यात दम्याला अजून थिओफायलिनच्या गोळ्या बऱ्याच जणांना चालू असतात. धुरामुळे यकृत ही गोळी भराभर निकालात काढतं. विडी थांबली की तोच डोस अंगात जास्त साठतो, मळमळतं, छाती धडधडते, झोप उडते. लोकांना वाटतं विडी सोडल्याचा त्रास होतोय. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, पण डोस कमी करायचा का हे विचारावं. सोडण्यासाठी मदत हवी असेल तर सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट हेल्पलाइन आहे.

तपासणीला येताना निदान तासभर आधी विडी, चहा, खाणं काही नको. बसस्टँडवर उतरल्यावर “एक कटिंग मारून जाऊ” हा मोह टाळावा. आदल्या रात्रीची दारू आकडा खाली आणते, पालक, बीट, मुळा असल्या नायट्रेटच्या भाज्या भरपूर खाल्ल्या तर वर नेतात, सर्दी-पडसं असेल तरी वर जातो. एक तास विडी ओढली नाही म्हणजे वर्षानुवर्षांचा परिणाम पुसला जात नाही, फक्त ताज्या झुरक्याचा घोळ टळतो. त्यामुळे तासभर थांबून आलात तरी रोज किती ओढता ते सांगायलाच लागतं. इथे कोणी रागावणार नाही. कागदावर आकड्याशेजारी ‘विडी, दिवसाला १५, ४० वर्षं’ एवढी एक ओळ असली की डॉक्टर १९ कडे वेगळ्या नजरेने बघतात. ती ओळ नसली तर तोच कागद दमेकऱ्याला औषधाविना घरी पाठवू शकतो. आमच्या छापील फॉर्ममध्ये त्यासाठी जागा नाही, मी समासात हाताने लिहिते.

मामा तिसऱ्यांदा दिवाळीनंतर आले. खुर्चीत बसायच्या आधीच, दारातूनच म्हणाले, “ताई, आधी ल्हिऊन घ्या. परवा भाच्याच्या लग्नात दोन झाल्या. काल न्हाई, आज न्हाई.” मी समासात लिहिलं : ‘विडी २, परवा. पंप रोज दोन वेळा.’ मग नळी त्यांच्या हातात दिली. आकडा २७ आला.